जुन्या धानाचा शेक

आई, आज सकाळी तुझ्या नातीने बाळाला पाजायला घेतलं आणि लगेच बाजूला ठेवलं. बाळंतपणाचा तिसरा दिवस. दूध ओढलं की ओटीपोटात कळ येते म्हणते, आणि तुझ्यासारखेच ओठ दाबून धरते. "मम्मी, याले डब्याचंच दूध देऊ ना." एकदा तुटलं की पाजणं पुन्हा सुरू करणं किती कठीण, ते मला ठाऊक होतं. मग आरोग्य केंद्राची आशाताई घरभेटीला आली. गर्भाशय पूर्ववत होताना अशा कळा येतात, तिने समजावलं; पाजण्याआधी लघवीला जाऊन ये, कुशीवर निजून पाज, पोटाला कोमट शेक घे.

शेक म्हटलं आणि मी मनाने मोहाडीच्या या घरातून सानगडीला तुझ्या चुलीपाशी गेले. तू तव्यावर धान परततेस, भाजल्या सालीचा वास सुटतो. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून तू ती आधी स्वतःच्या गालाला लावतेस. वहिनीच्या बाळंतपणात मी घाईने नव्या पोत्यातला धान घेतला होता. वाफेने कापड ओलं झालं. "नव्या धानात पाणी रायते. बाळंतिणीले भाजशीन काय?" एवढंच बोललीस तू.

मग माझ्या बाळंतपणाची वेळ आली. दवाखान्यात सासूबाई बसलेल्या, आणि तू गोधडीत गुंडाळलेली पुरचुंडी घेऊन बसने आलीस. मला लाज वाटली. "हे काहून आणलं, आई? गोळ्या देऊन राहिले ना इथं." तू "बरं" म्हणालीस आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिलीस.

आज मी जुना धान काढला, परतला, गालाला लावून पाहिला. "लाह्या फोडून राहिली काय, मम्मी?" पोरगी हसली आणि हसताना तिने पोट धरलं. शेक ठेवला, बाळ पुन्हा जवळ दिलं. कळ आली तशी तिने माझं मनगट आवळलं, पण बाळाला दूर केलं नाही. थोड्या वेळाने मी पुरचुंडी उचलू लागले, तर म्हणाली, "राहू दे अजून."

दोघंही आता झोपली आहेत. तू गेल्यावर आता पाठवायला पत्ता नाही, म्हणून हा कागद मी धानाच्या डब्यात ठेवणार आहे. त्या दिवशी दवाखान्यात तू नळावर पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा खाटेवर राहिलेली तुझी पुरचुंडी मी पोटाशी धरली होती. ती अजून थोडी कोमट होती. तुझी पावलं ऐकू आली, तशी मी ती होती तिथे ठेवून दिली.