तिन्ही पुस्तकं वाचून झाली

चिमणे,

तू गाढ झोपलीयेस, म्हणून न उठवताच ड्युटीवर निघाले. चहा थर्मासमध्ये आहे.

मागच्या खेपेला ठेवून गेलीस ती तिन्ही पुस्तकं वाचली. भुताचं अगदीच पुळचट, भूत नुसतं दारं आपटतं. प्रेमकथेतल्या नायकाला दोन थोबाडीत द्याव्यात, किती ताटकळत ठेवतो तिला! रहस्यकथा मात्र फक्कड, पण शेवटी मला खुन्याचीच दया आली.

ते शेवटचं प्रकरण मला मोठ्याने वाचून दाखव. खुनी कोण ते माहीत आहे गं, पण माहीत असलेली गोष्ट ऐकण्यातच खरी गोडी. बाबा गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने वाचलेलं नाही.

मी चारला येते. दुपारची गाडी जाऊ दे, संध्याकाळची पकड.

आई