व्याख्यानापुरतं थांबवलेलं घड्याळ

वाचनालय, मागची खोली
४ नोव्हेंबर

चि. बडबडीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आधी आनंदाची बातमी, मग रडगाणं. आपल्या वाचनालयाच्या लेखक-भेटीला या महिन्यात कोणाला बोलवायचं यावर कार्यकारिणीत खूप काथ्याकूट झाला आणि शेवटी तुझं नाव निघालं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, नाहीतर म्हणाले असते की ग्रंथपालबाईंनी भाची पुढे रेटली. तारीख बावीस, वेळ संध्याकाळची. शंभर वर्षांहून जुना हा हॉल, केवढे केवढे लेखक इथे बोलून गेले, आणि आता जिचा शेंबूड मी पुसला ती बोलणार! मला किती अभिमान वाटतोय ते मुद्दाम लिहीत नाही, आधीच तू कमी शेफारलेली नाहीस.

आता रडगाणं. वहिनी तुझ्या ताईच्या बाळंतपणाला गेल्यापासून दादा माझ्याकडेच जेवतो. तुझ्या कादंबरीचा विषय निघाला की त्याला भाजीत मीठ कमी लागतं. वर्ष होत आलं, तुमचा अबोला काही सुटत नाही. तुझ्या व्याख्यानाचं सांगितलं तर म्हणाला, छान, मी घड्याळ थांबवीन आणि घरी जाईन.

हॉलमधल्या घड्याळाचं तुला ठाऊकच आहे. दर पंधरा मिनिटांनी असं काही ठणाणतं की बोलणाऱ्याला पुढचं सुचू नये. म्हणून व्याख्यानाआधी कोणीतरी शिडीने वरच्या सज्जात चढून लंबक थांबवायचा, ही इथली पूर्वापार रीत. दादाची बस चालवायची नोकरी संपली तेव्हापासून हे काम त्याचं. एकदा शिपायाने हात लावला तर घड्याळ आठवडाभर रुसून बसलं होतं! घड्याळ थांबवलं की दादा खाली उतरतो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शेवटपर्यंत बसतो. आजवर एकही व्याख्यान चुकवलेलं नाही त्याने, आणि पोटच्या पोरीचं चुकवायला निघालाय. तूच सांग, काय करावं या माणसाला?

उत्तर लगेच दे. आळस केलास तर लोभ आटेल, सांगून ठेवते.
तुझी,
आत्या


९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा लोभ आटू नये म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहितेय. चष्म्यांच्या काचा पुसून ठेवल्यात, मालक जेवायला गेलेत. तीन दिवसांची रजा मिळाली आहे, तेव्हा मी येते.

पण आत्या, खरं सांगू? बाबा नसतील तर मला तिथे बोलायचंच नाही. लहानपणी त्याच हॉलमध्ये मला मांडीवर घेऊन व्याख्यानं ऐकवली त्यांनी. मला झोप लागायची, पण लेखक नावाचा प्राणी असतो हे मला तिथेच कळलं. आता मी त्या टेबलामागे बसणार आणि ते घरी जाणार! असं झालं तर मला आयुष्यभर डाचत राहील.

पहिली प्रत मी त्यांनाच पाठवली होती. ती परत आली. आली तीसुद्धा खाकी कागदाचं व्यवस्थित कव्हर घालून. रागावलेला माणूस पुस्तकाला कव्हर घालतो का गं? मी हसू की रडू ते मला अजून कळलेलं नाही.

कादंबरीतला ड्रायव्हर दारू पितो, बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत. तो बायकोवर ओरडतो, आणि आमच्या घरात कोण कोणावर ओरडायचं ते जगजाहीर आहे. सगळं रचलेलं आहे. फक्त एक जागा खरी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी कविता म्हणत होते आणि आईशेजारची खुर्ची रिकामी होती. बाबा येतो म्हणाले होते, आले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना कधी बोलले नाही, म्हणून लिहिलं. त्यात एवढं रागवण्यासारखं काय आहे? तू विचारून बघ ना. तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

थंडीचे दिवस आहेत, गुडघ्याला जप. माया आहे तशीच राहू दे, नाटकी धमक्या नकोत.
तुझी,
बडबडी


१४ नोव्हेंबर

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

काल जेवताना मी दादाला सरळच विचारलं. म्हटलं, कादंबरीतला बाप वाईट दाखवला म्हणून एवढा राग? तर हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, दारुडा म्हणू दे, चोर म्हणू दे, गोष्टच आहे ती. पण मी आलो नाही असं तिने लिहायला नको होतं. मी आलो होतो.

मी तर चाटच पडले. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. त्या दिवशी ऐनवेळी त्याला दुसऱ्याची ड्यूटी करावी लागली. बसचा रस्ता तुझ्या शाळेवरून जायचा. इंजिन तापलंय, पाणी घालावं लागेल, अशी थाप मारून या पठ्ठ्याने भरलेली बस शाळेसमोर उभी केली! कंडक्टरने उतारूंना थोपवून धरलं. युनिफॉर्मवर तेलाचे डाग, म्हणून हा आत आला नाही, मागच्या दाराशी उभा राहिला. तू मध्येच कविता विसरलीस, छताकडे बघितलंस, खाली वाकून एक मोजा वर ओढलास आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलंस. खरं की नाही? कविता संपेपर्यंत थांबून तो पळाला.

इतकी वर्षं का सांगितलं नाहीस, असं विचारलं. दहादा विचारलं. पाणी प्यायला आणि उठून गेला.

तुला सांगणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेतलीय त्याने. पण माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे त्याला माहीत असायला हवं होतं, चूक त्याचीच. तू मात्र काही माहीत नसल्यासारखी ये. त्याला हॉलमध्ये कसं थांबवायचं ते माझ्यावर सोड.

रडत बसू नकोस, डोळे सुजतील आणि फोटोत बेडकासारखी दिसशील. माझा जीव तुझ्यात आहे, हे काय लिहून सांगायला हवं?
तुझी,
आत्या


घरून
२३ नोव्हेंबर

सौ. मंडळीस,
आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. नातवाचं नाक माझ्यावर गेलंय असं कळवलंस, बिचाऱ्याला आमच्या शुभेच्छा. आता तुझ्या नणंदेचा प्रताप ऐक.

काल धाकटीचं व्याख्यान होतं. मी ठरल्याप्रमाणे वर चढलो आणि लंबक थांबवला. वळून बघतो तो शिडी गायब! खाली वाकून बघितलं तर शिपाई ती घेऊन चाललेला, आणि आमच्या बहिणाबाई वर न बघता त्याला म्हणताहेत की वाचनकक्षातला दिवा गेलाय, आत्ताच बदलायला हवा. दिवा अगदी व्यवस्थित होता, संध्याकाळभर मला दिसत होता. हाक मारणार तर लोक भराभर आत येऊन बसले. वीस वर्षं बस चालवलेला ड्रायव्हर मी, आणि बाईने मला त्या घड्याळामागे पार्क करून ठेवला!

पोरगी आली. अंगाने उतरलीय गं. सारखी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत होती. मी वर आहे हे तिला माहीत नव्हतं. मग तिने पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच पान वाचलं, रिकाम्या खुर्चीचं. गॅदरिंगला तू पर्स ठेवली होतीस ती खुर्ची. मला वाटलं, ऐकायलाच नको, पण कान कुठे बंद करता येतात?

वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं. म्हणाली की हे पान छापून गेलंय, ते आता परत घेता येत नाही, पण ते अर्धंच आहे. मी खुर्चीकडे बघत राहिले, दाराकडे बघितलंच नाही. दाराशी माझे बाबा उभे होते. आणि मग तिने सगळं सांगितलं गं! बस, तापलेलं इंजिन, कंडक्टर, सगळं. आमचे जुने डेपो मॅनेजर दुसऱ्या रांगेत बसलेले. मी घड्याळाआड आणखी सरकलो. पण म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. तुलाही हे कधी सांगितलं नव्हतं. आता वाचून रागावू नकोस.

तेवढ्यात मला शिंक आली. तिथे धूळच तेवढी आहे. एक नाही, तीन आल्या. सगळा हॉल वर बघायला लागला आणि तीही. त्यानंतर तिला एक वाक्य धड बोलता येईना आणि मला खाली उतरता येईना. शेवटी तुझ्या नणंदेने शांतपणे शिडी मागवली. धाकटीने ती खालून दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी दोनशेदा उतरलोय त्या शिडीवरून, पण धरू दिली.

घरी आलो. चहा तिनेच केला, पाणचट. मग विचारलं की बाबा, तेव्हाच का नाही सांगितलंत? मी बरंच इकडचं तिकडचं केलं, पण ती माझीच पोर, सोडते होय? मग सांगितलं. तुलाही सांगतो.

त्या दिवशी ड्यूटी संपवून मी घरात शिरलो तर ही गॅदरिंगच्याच फ्रॉकमध्ये माझी वाट बघत होती. मी नव्हतो ना, म्हणून मला सगळं कळावं असं तिला वाटत होतं. मला भिंतीशी बसवलं आणि पहिल्यापासून करून दाखवलं. अडकलेला पडदा, बाईंचं भाषण, बाकीच्या मुलींचे नाच, आणि स्वतःची कविता, विसरली तिथे विसरून, मोजा ओढून. तिथे एवढ्या लोकांसाठी केलं होतं, ते घरी माझ्या एकट्यासाठी. मी आलो होतो असं म्हटलं असतं, तर ती तिथेच थांबली असती.

ऐकून ती खूप रडली. मीही रडलो, ते कोणाला सांगू नकोस. ती अजून दोन दिवस आहे आणि सकाळपासून तिच्या तोंडाला खळ नाही.

बाळ-बाळंतिणीला सांभाळ. तुझा लोभ मला पुरेसा आहे, तो वाढवण्यापेक्षा लवकर ये.
तुझा,
ड्रायव्हर