बठ्ठा

धुळे, १४ डिसेंबर १९९८

सुरेशने आणि मी लिहिलेल्या मराठी अक्षरांच्या कोडच्या फ्लॉप्या आज पोस्टात टाकल्या. कुणीही फुकट वापरावा. सोबत लिहून दिलं, फंक्शनची नावं आता कधीच बदलणार नाहीत. लोकांचे प्रोग्रॅम त्यांवरच चालणार.

एकच नाव अडलं होतं. सगळी अक्षरं एकदम मागवणारं 'बठ्ठा', आमच्या बोलीत 'सगळे'. सुरेशने ठेवलेलं. मी हसलो होतो, हे गावठी नाव पुण्यात कोणाला कळणार? तो म्हणाला, "तुले समजनं ना? मंग बठ्ठासले समजी."

मी तरी घरी काय म्हणतो? बठ्ठाच ना.

सुरेश वारला त्याला आठ महिने झाले. काल 'सर्व' टाइप केलं, मग पुसलं. बठ्ठा ठेवलं. आता ते मलाही बदलता येणार नाही. एवढं त्याला सांगायचं राहिलं.