अ‍ॅट्रॅक्टा आत्या घर सोडत नाही

प्रिय डिम्फना ताईस,

तुझा धाकटा भाऊ फिंटन याचा क्लूनबेगहून साष्टांग नमस्कार. बॉस्टनच्या थंडीत भावोजींची कंबर काय म्हणते? इकडे सगळे धडधाकट, लाल गाय व्याली, पाऊस नेहमीचाच. (पावसाबद्दल लिहिलं नाही तर तुला वाटायचं, पत्र दुसऱ्याच कुणाचं.)

तर, आपल्या गावाला म्हणे वारसा आहे. हे आम्हाला मॅलकी ट्यूहीकडून कळलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याला शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून त्याने समिती काढली आणि वारसा-गावांच्या स्पर्धेत आपलं नाव ठोकून दिलं. आता गवताने शाकारलेलं घर गावात एकच उरलंय, आपल्या अ‍ॅट्रॅक्टा आत्याचं. समितीने ठरवलं, आत्याने नव्या बंगलीत राहायला जावं आणि घर पाहुण्यांना दाखवायला द्यावं. हे तिला सांगायला मला पाठवलं (सख्खा भाचा ना!). आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. म्हणाली, "मी काय कपाट आहे का रे, इकडचं उचलून तिकडे ठेवायला? मॅलकीला म्हणावं, आधी स्वतःच्या आईला हलवून दाखव." मॅलकीची आई नव्वदीची असून अजून त्याचा कान धरते, त्यामुळे त्याने तो प्रयोग केला नाही.

परीक्षणाच्या दिवशी आत्या चुलीपाशी आपल्या खुर्चीत बसूनच राहिली. डब्लिनहून आलेल्या परीक्षकबाईंना वाटलं, समितीने नटी आणून बसवलीय. त्यांनी लाडेलाडे विचारलं, "पूर्वी तुम्ही लोक काय खायचात हो?"

"बटाटे," आत्या म्हणाली. "ते संपले की डब्लिनची माणसं."

बाईंनी टाळ्याच वाजवल्या! मग आत्याने त्यांच्या हातात बादली देऊन त्यांना विहिरीवर पिटाळलं, गाव बघायला आलेल्या दोन जर्मन पाहुण्यांकडून जळणाच्या टर्फच्या वाळक्या मातीच्या विटा रचून घेतल्या, आणि मॅलकीला सगळ्यांदेखत विचारलं, "पाय पुसलेस का?" तो मुकाट्याने बाहेर जाऊन पुसून आला. दुपारी घोड्यांची शर्यत होती, तेव्हा तिने सगळ्यांना बाजूला सारून टीव्ही लावला. मॅलकीने डोळे मिटून घेतले. (नंतर म्हणाला, प्रार्थना करत होतो.) पण आत्याने आणि बाईंनी पैसे लावलेला घोडा एकच निघाला, तोच पहिला आला, आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली.

पहिलं बक्षीस आपल्याला! काल मॅलकी टोपी हातात घेऊन आत्याच्या दारात उभा होता. "बाई, तुम्ही कुठ्ठे म्हणून जायचं नाही." आत्या हसली, आणि ताई, मला एकदम भरून आलं. घर जाणार या धास्तीने तिला महिनाभर अन्न गोड लागत नव्हतं, आणि हे तिने मला कुणाला सांगू दिलं नव्हतं.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.
तुझा,
फिंटन

ता. क. "जायचं नाही" हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने त्याच दुपारी विमानाचं तिकीट काढलं. ईस्टरपर्यंत मुक्काम तुझ्याकडे. हे पत्र तू वाचशील तेव्हा बहुधा ती दार वाजवत असेल. उघड.

पुन्हा ता. क. दर शनिवारी पाहुण्यांची बस येणार आणि खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून समितीने एकमताने मला निवडलंय. आत्याचा झगा मला काखेत फार काचतो. तुझा एखादा जुना टपालाने लगेच पाठव. रागावू नकोस, तू अंगाने भरलेलीच होतीस.