बापाचा राग कशाने जातो?

मुनिरका, दिल्ली
उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), १९९७

प्रिय पप्पांना एस्तेरचा प्रभूच्या नावात सलाम.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, गुडगावला न्यायला ऑफिसची गाडी येते. मम्मीचे गुडघे कसे आहेत?

आज उपासनेनंतर आमच्यात वाद झाला. इथल्या मंडळीतले थॉमसभैया म्हणाले, पित्याचा क्रोध शांत व्हायला कुणीतरी शिक्षा भोगणं भागच होतं, म्हणून येशू वधस्तंभावर गेला. मला काही पटेना. मी आपल्या घरचंच सांगितलं. डॅनियलने प्रभुभोजनाचा पेला फोडला, तेव्हा तो धाकटा म्हणून मी आळ स्वतःवर घेतला आणि तुमचा मार खाल्ला. खरं कळल्यावर तुमचं समाधान झालं का? त्या दिवशी तुम्ही जेवलातही नाहीत. बापाचा राग कुणाला मारून जात नाही, असं मी ठणकावून सांगितलं.

"तो फिर किससे जाता है, बहन?" भैयांनी विचारलं.

पाळकाची मुलगी मी, पण "पप्पा से पूछकर बताऊँगी" म्हणाले. तुमचं न ऐकता नोकरीसाठी इथे आले, तेव्हापासून तुमची एक ओळ नाही. मम्मीच्या पत्राच्या तळाशी तुमचा सलामसुद्धा नसतो.

भैया पुन्हा विचारतीलच. काय सांगू त्यांना, पप्पा?

तुमचीच,
एस्तेर