चौथीनंतरचा वर्ग

छबू,

तुझ्या मंजुळाला घेऊन मी लोकल बोर्डाच्या मुलांच्या शाळेत जाते आहे, पाचवीत तिचं नाव घालायला. मुलींच्या शाळेतला दाखला मी कालच आणला. कोणी विचारलं तर आई कोल्हारच्या बाजाराला गेली म्हण. भाकरी दुरडीत झाकून ठेवल्या आहेत.

परवा मंजुळा चौथी पास झाली तेव्हा तू म्हणालीस, "बास झालं आई, माझ्याइतकी शिकली पोरगी." पण तुला चौथीत थांबवलं ते मीच.

तुला घालायच्या आधी मी दोन्ही शाळा पाहून आले होते. मुलांची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि मास्तर छडीशिवाय बोलत नसत. मुलींकडे सारवलेली जमीन, शिकवायला बाई, प्यायला माठ. मी माठावरचं फडकंसुद्धा उचलून पाहिलं. वर्ग कितवीपर्यंत आहेत, एवढंच विचारलं नाही. तिथले वर्ग चौथीलाच संपले तेव्हा तू म्हणालीस, "आता पुढं?" मी म्हटलं, "पुढं सासर." तुझ्या बाई मात्र सांगत होत्या, ही सातवी झाली तर मास्तरीण होईल.

माझं चुकलं, छबू. तोंडावर बोलवत नाही म्हणून लिहिते.

तुला हे पटत नसेल तर दुपारच्या सुट्टीत ये आणि पोरीला घरी घेऊन जा, मी अडवणार नाही. पण निरोप धाडू नकोस, स्वतः ये. सातवीचा वर्ग दारातून एकदा बघ. मुलांच्या मागे आता तीन मुली बसतात.

आई