आईचे लाडू, माझी चरबी

३ जानेवारी
येरवड्याहून हॉस्पिटलला रिक्षाने. एका बाजूला कलून बसले होते. रिक्षावाले काका : "ताई, सीट पूर्ण तुमचीच आहे."
डॉ. बाई म्हणाल्या, क्रोन्सची, म्हणजे आतड्याची, सूज औषधाने आटोक्यात आहे, पण फिस्टुला नुसत्या औषधाने बुजत नाहीये. (लिहिला शब्द. आजवर डायरीतही 'ती जागा'च लिहायचे.) आतड्यापासून बसायच्या जागेच्या कातडीपर्यंत पडलेली वाट. पू साचू नये म्हणून तिच्यात घातलेला दोरा आता काढायचा, वाट खरवडायची, आतलं तोंड शिवायचं. शिवाय माझ्याच पोटाची थोडी चरबी काढून तिच्यातल्या पेशी भोवती टोचायच्या. जखम भरायला मदत होते म्हणे.
विचारलं, "मांडी घालता येईल?"
"काहींना गुण येतो, काहींना नाही. वचन देत नाही."
खरं बोलल्या. बरं वाटलं. मग माझं पोट चिमटीत धरून, "आहे का इथे काही?" गंमत होती. आई हसली नाही.

५ जाने.
आईने ती गंमत हुकूम म्हणून घेतली. डिंकाचे लाडू, वर तूप.
"चरबी काय दुकानात मिळते?"
बाबा : "अगं, थोडीशीच लागते."
"अहो, तुमची चालली असती तर निम्म्या पुण्याला पुरली असती."
मी दोन खाल्ले. नाही म्हणवेना.

८ जाने.
पोट बिघडलं. होतं ते वजनही गेलं. आई स्वयंपाकघरात भांडी घासतेय, घासलेलीच.
डॉ. बाईंना 'बाहेरचं खाल्लं' सांगावं का? आईला वाईट वाटणार नाही. पण दर रविवारी विहारात खोटं न बोलण्याचं शील म्हणायचं आणि... आधीच ऑफिसात पाठदुखी सांगून उभ्याने काम करतेय. शेजारच्या टेबलावरच्या नेहाला वाटतं, मी फिटनेसवाली. माझं पाहून तिनेही खुर्ची सोडलीय.

९ जाने.
फोन केला. लाडवांसकट सगळं सांगितलं. डॉ. बाई इतक्या हसल्या की आईला बाहेर ऐकू गेलं. "आईंना द्या फोन. काकू, एवढी चरबी बारीक मुलीकडेही असते. तिला मऊ भात द्या, लाडू मला पाठवा."
ऑप. पुढे ढकललं. आईने डबा खरंच पाठवला.

२ फेब्रु.
ऑप. झालं. पोटावर काळंनिळं, वरून पट्टा.
आई : "म्हणजे निघाली ना चरबी!" जणू तिचंच पीक.

११ मार्च
आज दिवसभर कपड्याला काही लागलं नाही. तीनदा पाहिलं. आईला सांगितलं तर ती आधी रागावली, "सकाळीच का नाही सांगितलंस?" मग खीर.
बाबा : "सुजाताने बुद्धांना खीर द्यायची असते, इथे आमची सुजाताच खातेय."
नेहालाही खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग माझी खुर्ची परत दे." हसून पोट दुखलं. चांगलं दुखणं.

२४ मार्च, रविवार
विहार. इतके महिने मी मागे दाराशी उभी असायचे, चपलांपाशी. आज बाबांनी शेजारच्या सतरंजीवर हात थोपटला. शाळेत जायच्या आधी घरी अक्षरं शिकवताना थोपटायचे तसाच. तेव्हा म्हणायचे, मांडी मोडली की अक्षर मोडतं.
बसले. आधी घाबरत, मग... विसरलेच की बसलेय. वंदना संपेपर्यंत मांडी. थोडं ताणलं. उठताना सतरंजीकडे वळून पाहिलं. स्वच्छ.
आत काय आहे ते गुरुवारचा एमआरआय सांगेल. वरून कोरडं दिसलं तरी आत वाट उरू शकते, डॉ. बाईंनी बजावलंय. भीती आहेच. पण आज ती माझ्या शेजारी बसली होती, माझ्या जागेवर नाही.
बाहेर पडताना म्हटलं, "बाबा, पुढच्या रविवारीही जागा धरा."
"धरतो. पण मग चपला कोण राखणार?"